इन्शाल्ला आणि दहा मिनिटं

आमचं गॅसवरचं वीज केंद्र म्हणजे घरजावई. दिवसभर लोळायचं. पण जुलैच्या दुपारी दमनहूर शहरभर एसी सुरू झाले, मोठ्या केंद्रांची दमछाक झाली, की कैरोहून फोन येतो आणि दहा मिनिटांत वीज द्यावी लागते.

त्या दिवशी इंजिनिअर इन्तिसारबाईंची पहिलीच पाळी. तीन वर्षं बिचाऱ्या फायली लावत होत्या. साहेबांनी बजावलं होतं, पहिला स्टार्ट चुकला की परत फायलींच्या खोलीत. मी उस्ता, म्हणजे उस्ताद, फतहल्ला, तीस वर्षं इथे मुरलेला मेकॅनिक, पण घाम मलाच फुटलेला.

चारला फोन वाजला. मीच झडप घालून उचलला.

“चार दहाला वीज द्याल?” कैरोच्या नियंत्रण कक्षातल्या रिफअतनं विचारलं.

“इन्शाल्ला,” देवाच्या मर्जीवर सोपवून मी म्हणालो आणि फोन ठेवला.

बाईंनी स्टार्टर लावला. मशीन फिरायला लागलं. आत उरलासुरला गॅस असला तर भडका उडतो, म्हणून आधी नुसती हवा सोडून तो हाकलला. मग गॅस, मग ठिणगी. ज्योत धरली, जमीन थरथरली, टेबलावरचे चहाचे पेले नाचायला लागले आणि त्यांच्याबरोबर मीही.

“उस्ता, गप उभे राहा. ताल जुळवायचाय,” बाई म्हणाल्या.

मशीनचा ताल बाहेरच्या तारांशी जुळला पाहिजे, नाहीतर सगळंच मुसळ केरात. ताल दाखवणारा काटा हळूहळू वर, बाराच्या जागी आला, बाईंनी स्विच मारला. चार वाजून नऊ मिनिटं.

लगेच फोन. “फतहल्ला, ही वीज कुठून आली? मी तुमच्या नावापुढे ‘मिळणार नाही’ लिहून मोकळा झालोय. दोन गावांची वीज बंद करायला निघालो होतो.”

“अरे, मी इन्शाल्ला म्हणालो होतो.”

“तेच ना. माझा सुतार सहा महिने इन्शाल्लाच म्हणतोय.”

जीभ माझी आणि फायली बाईंच्या नशिबी. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

“लिहिलंय ते खोडा. चार नऊला जोडलंय, वीस मेगावॅट देतेय. गावं चालू राहू द्या.”

पलीकडे रिफअतची लेखणी खरखरली. “खोडलं, बाई. तुमच्याकडून वेळेआधी वीज पहिल्यांदाच मिळाली. उद्याही फोन तुम्हीच उचला, त्या म्हाताऱ्याला हात लावू देऊ नका.”

उद्याही म्हणजे पाळी पक्की. स्वतःच्या अपमानाचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

“उस्ता, उद्या वेळेवर येणार ना?” बाईंनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो. मग भिंतीकडे तोंड करून, हळूच, इन्शाल्लाही म्हणून घेतलं.