एकदा तरी बोटीत बसा

“जाऊ नगासा! बोटीतनं उतरू नगासा!”

मी एक पाय बोटीबाहेर टाकला होता, तेवढ्यात गर्दीतून एक बाई ओरडली. पुढची पोरं खिदळली. एकाने मोबाइल माझ्यावरून काढून तिच्यावर धरला. मी आपला उतरलो. न उतरून सांगतो कुणाला? आमच्या मंडळाचा गणपतीतला सजीव देखावा. माणसं खरी, आवाज तेवढा आधीच रेकॉर्ड केलेला. स्पीकरमधून माझाच आवाज म्हणतो, “म्हशींची दावी सोडतो आन् आलोच बघ.” मी नुसते ओठ हलवायचे, निळ्या कापडाच्या पाण्यात शिरायचं आणि त्याखाली गडप व्हायचं. मग माझी बायको झालेली मनाली हंबरडा फोडते, तोही स्पीकरमधूनच. संध्याकाळी सात ते दहा, दर वीस मिनिटांनी एक खेळ. रोज नऊ वेळा बुडायचं.

मी दादासो. उद्यमनगरात लेथवर बत्तीस वर्षं लोखंड सोलतोय. वर्षातले दहा दिवस नट. यंदा पुराचा विषय निघाला तेव्हा सगळ्यात जास्त उड्या मीच मारल्या. पुरात मी शाळेत भाकरी वाटायला गेलो होतो. बाकांवर झोपलेली म्हातारी माणसं, दप्तर उशाला घेतलेली पोरं. चार दिवस सगळीकडे फोटो फिरले, पाणी ओसरलं आणि झालं, विषय संपला. लोकांना असं विसरू द्यायचं नाही, या रागानेच मी या कामाला उभा राहिलो.

अध्यक्ष विजयसिंहने लिहून आणलं होतं, ‘मी जातो.’ मी म्हणालो, “घरातनं भाईर पडताना जातो म्हणत्यात व्हय रं? आलोच म्हणायचं.” आवाज भरताना तसंच म्हणालो. फार मोठा शहाणपणा केला असं वाटलं होतं मला.

ओरडणारी बाई तीन दिवस रोज येत होती. चौथ्या दिवशी आठच्या खेळाच्या आधी ती लेकीचा हात धरून मांडवामागे आली. लेक शिवानी पलीकडच्याच गल्लीत राहते. तीच बोलली.

“काका, ही माजी आई, अंबूबाई. वडील म्हशी सोडाय म्हणून बोटीतनं उतरलं. आलोच म्हणून गेलं. अजून घावलं न्हाईत.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“मग हितं कशाला आणतीस गं तिला?”

“मी कुठं आणतोय? आवाज ऐकला की ती उठून चालाय लागतीय. नाटक हाय हे तिला कळतंय की. पर तुमचं ते आलोच बघ आलं, की तिला ऱ्हावत न्हाय.”

अंबूबाई माझ्या अंगावरच्या चिखलाच्या रंगाकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, “पावणं, एकदा तरी बोटीत बसा की. नगा उतरू. मला एकदा बघू द्या.”

मी मान हलवली आणि तडक स्पीकरवाल्या ज्ञानूकडे गेलो. म्हटलं, एवढं वाक्य काढ बाबा.

“काका, डोस्कं फिरलंय काय? एक वाक्य काढलं तर म्होरचं समदं हुकतंय. स्पर्धेचं परीक्षक आजच यायचं हाईत.”

विजयसिंह तिथेच होता. म्हणाला, “बाई रडतीय म्हंजे देखावा पोचलाय. लोकांनी बघाय नगं व्हय? त्याबिगर पुरात बुडणाऱ्या गावाला उंचावर जागा कोण देणार?”

तो वाईट माणूस नाही हो. महिन्याभरापूर्वी मीही हेच बोललो असतो. पण त्या क्षणी मला त्याचा आणि त्याच्याहून जास्त माझा संताप आला. ठरवलं, परीक्षक गेले खड्ड्यात, आज मी उतरणार नाही.

आठच्या खेळाला गर्दी रस्त्यापलीकडे गेली होती. अंबूबाई दोरीला लागून पुढेच उभी. बोट डुलली, म्हशींचं हंबरणं आलं. मी बोटीची कड दोन्ही हातांनी धरली आणि गच्च बसून राहिलो.

तिने ते बघितलं. लेकीचा दंड धरून म्हणाली, “बसलं! बघ, बसलं की!” ती हसली. खरंच हसली.

आणि वरून माझा आवाज आला. “म्हशींची दावी सोडतो आन् आलोच बघ.”

माझं तोंड बंद होतं. तरी आवाज उतरला. पाण्यात धप्पकन पडला. म्हशींना हाका मारत लांब लांब गेला. मनालीने माझ्याकडे बघितलं, काय करावं तिला कळेना. मग हंबरडा सुरू झाला तशी सवयीने पाण्याकडे झेपावली आणि मी शेजारी बसलेलो असताना माझ्यासाठी ऊर बडवायला लागली. लोक हसायला लागले. कुणीतरी शिट्टी मारली.

“वैनी, मी हाय हितं! उतरलो न्हाय मी!” मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर, माझं मलाच ऐकू आलं नाही. मी उभा राहिलो, हात हलवले. ज्ञानू मागून खाली बसायच्या खुणा करत होता.

अंबूबाई माझ्याकडे बघतच नव्हती. आवाज जिथे बुडाला तिथे तिची नजर होती. दोरीवरून पुढे वाकून, दोन्ही हात लांब करून, ती त्या मोकळ्या निळ्या कापडाला हाका मारत होती.