मंत्र्यांच्या खुर्चीवरचा टॉवेल

मी खुर्चीवरचा टॉवेल बोलतोय. हसू नका. दिल्लीच्या सरकारी कचेऱ्यांत खुर्चीचा मान तिच्या पाठीवरच्या पांढऱ्या टॉवेलवरून कळतो, आणि मी तर परिवहन राज्यमंत्र्यांच्या खुर्चीवर पाच वर्षं काढलेला.

जन्म माझा सोलापूरचा. श्रीरंगरावांना मंत्रिपद मिळालं तेव्हा त्यांच्या पत्नी अलकाताईंनी मला सामानात घालून दिल्लीला आणलं. सरकारी टॉवेलला कुणाकुणाची पाठ लागली असेल, असं त्यांचं म्हणणं.

खरं सांगतो, त्या माणसाने मला थक्क करून सोडलं. कुठल्या राज्यात कुठला घाट, कुठल्या नाक्यावर ट्रकची रांग लागते, सगळं तोंडपाठ. बैठकीत भल्याभल्या अधिकाऱ्यांची भंबेरी उडायची. एकदा एका स्लीपर बसला आग लागली. तिला मागे दार नव्हतं, आतली माणसं बाहेर पडू शकली नाहीत. साहेब तिथे जाऊन आले आणि त्या दिवशी खुर्चीला पाठ टेकून बसलेच नाहीत. खासगी सचिव धम्मपाल यांच्याकडून त्यांनी फाइल मागवली आणि प्रत्येक स्लीपर बसला मागचं दार सक्तीचं केलं. बसमालकांनी दिल्ली डोक्यावर घेतली, पण साहेब हलले नाहीत.

पुढच्या निवडणुकीत साहेब आपटले. राजकारणाला रामराम ठोकून त्यांनी शाळासोबती विलासरावांबरोबर गुरुग्रामला लांब पल्ल्याच्या बसची कंपनी काढली. मीही गेलो. तिथल्या जाळीच्या खुर्चीवर मला पाहून त्यांची मुलगी कादंबरी म्हणाली, "बाबा, अब तो टॉवेल हटाओ यार. ऑफिसमध्ये सगळे हसतात." साहेबांनी ऐकलं नाही. कंबर धरायची म्हणून बाहेर जातानाही ते मला बॅगेत घ्यायचे.

चाळीस बस बांधून तयार झाल्या. विलासरावांनी मागच्या दाराच्या जागी दोन जास्तीचे बर्थ टाकून घेतले होते. अर्थातच आरटीओत पासिंग अडकलं.

"अरे यार, नियम तूच केलास ना? मग सूटही तूच आण," विलासराव म्हणाले. "नाहीतर कंपनी बसली म्हणून समज."

तिसऱ्या दिवशी साहेब सूट मागणारा अर्ज घेऊन आपल्या जुन्या मंत्रालयात गेले.

तो विषय आता धम्मपालांकडे होता. ते संचालक झाले होते. साहेबांना दारात पाहताच ते सवयीने उठून उभे राहिले. आणि साहेब? टेबलाला वळसा घालून ते थेट त्या मोठ्या खुर्चीपाशी गेले, मला तिच्या पाठीवर टाकलं आणि बसले. तेही सवयीनेच. शिपाई बघतच राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांच्या ध्यानात आलं तसा त्यांचा चेहरा पडला आणि ते उठू लागले.

"बसा साहेब," धम्मपाल म्हणाले. "बिल्कुल बसा. मी फाइल पुट अप करतो."

त्यांनी जुनी फाइल उघडून समोर ठेवली आणि पूर्वीसारखे बाजूला उभे राहिले. हिरव्या कागदावर साहेबांच्याच अक्षरात शेरा आणि खाली त्यांची सही होती : "दो बर्थ कम चलेंगी. एक दरवाज़ा कम नहीं चलेगा."

साहेबांनी तो दोनदा वाचला. मग माझ्यावर टेकलेली पाठ त्यांनी उचलून घेतली. खिशातला अर्ज त्यांनी बाहेर काढलाच नाही.

"चुकीच्या खुर्चीत बसलो रे, धम्मपाल."

"साहेब, आधी मीच उठलो ना."

जिना उतरतानाच त्यांनी विलासरावांना फोन लावला. "बर्थ काढ. सगळ्या बसला दार बसव." विलासराव त्याच आठवड्यात आपले पैसे काढून घेऊन भागीदारी सोडून गेले. एकोणतीस बस विकाव्या लागल्या, त्याही दार बसवूनच. दिल्लीत सहीचा रुबाब करणारे मी पुष्कळ पाहिले, पण आपल्याच सहीपुढे मान झुकवणारा हा एवढाच. आजही आठवलं की ऊर भरून येतो.

आता मी विरलोय. माझे चार तुकडे झालेत आणि मानेसरच्या डेपोत मी मागच्या दारांच्या काचा पुसतो. बस अकराच आहेत. सत्तरी ओलांडलेले साहेब बस सुटण्याआधी प्रत्येक दार स्वतः उघडून बघतात.

मी आहे तोवर एक मागणं मागतो. रात्रीच्या बसमध्ये चढलात की पांघरूण ओढण्याआधी मागचं दार एकदा उघडून बघा. आमचं उघडतं.