घरातला काटा
श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्यात मी एकोणीस वर्षं वजनकाट्यावर बसतोय. वजन कमी भरलं म्हणून भांडायला आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला मी एकच सांगतो, "काटा बरोबर हाय. तुमचा ऊस वाळला."

घरातल्या काट्यावर मात्र माझा विश्वास बसेना. डॉक्टरांनी दर सोमवारी वजन बघायला सांगितलेलं. पहिल्या सोमवारी एकाहत्तर, मग एकोणसत्तर, मग सदुसष्ट. मी काटा फरशीवरून ओट्यावर नेला, सेल बदलले, उपाशीपोटी उभा राहिलो, जेवून उभा राहिलो. आकडा पाव-अर्धा किलो हलायचा, पण वर काही जाईना. विकणाऱ्या दुकानदाराला फोनवर नाही नाही ते बोललो.

शेवटी कारखान्यातून सरकारी शिक्क्याचं, काटा तपासायचं वीस किलोचं वजन घरी आणलं. ट्रॅक्टर मोजतो तसंच, आधी भरलेला, मग रिकामा. वजन छातीशी धरून काट्यावर चढलो तर शहाऐंशी. वजन खाली ठेवून चढलो तर सहासष्ट. फरक बरोबर वीसचा.

तरी पुन्हा उचलायला वाकलो, तेव्हा मरियमनं माझा हात धरला. तीन आठवडे ही माझी बायको रक्ततपासणीची चिठ्ठी घेऊन माझ्या मागे लागली होती.

"काटा बरोबर हाय," ती म्हणाली.

पुढचं वाक्य तिलाही पाठ होतं. ते ती बोलली नाही. चिठ्ठी पर्समध्ये टाकून तिनं चपला घातल्या आणि दारात उभी राहिली.