त्या आईचं पुढं काय झालं

या, असे जवळ येऊन बसा. मागं बसलेल्याच्या कानी कथा अर्धीच पडते, आणि अर्धी कथा माणसाला कुठवर नेते तेच तर आज सांगायचं आहे. हिच्यात देव नाही, दैत्य नाही. गोखिवऱ्याचा श्रीपत आहे, त्याची शेजारीण धोंडूबाई आहे, आणि माणिकपूरच्या मैदानातला एक तंबू आहे. मन लावून ऐका.

"भावजी, मनाबी ने तंबूत," धोंडूबाई कुंपणापाशी उभी राहून म्हणाली.

श्रीपत विळ्याला धार लावत होता. त्यानं मान वर केली. "तू? सिनेमाला? वैनी, बरी हायस ना?"

"त्यो हेराचा खेल परत आलाय ना? आता बोलता झालाय म्हंतात. त्यातली आई बघायची हाय मना."

श्रीपतच्या हातातला विळा दगडावर तसाच राहिला.

त्याचं असं झालं होतं. वीसेक वर्षांपूर्वी खेळ मुके होते. माणिकपूरचा क्लेमेंट तंबू घेऊन गावोगाव फिरे, आणि पडद्याच्या कडेला उभा राहून श्रीपत गोष्ट सांगे. तरुणपणी तो कीर्तनकारबुवांच्या मागं झांजा धरून उभा राहिलेला, बोलणं तिथलंच. यंत्र एकच. एक रीळ संपलं की दुसरं चढेपर्यंत पडदा काळाठिक्कर. लोक शिट्ट्या मारत, आणि क्लेमेंट मागून ओरडे, "श्रीपत, अंधार सांभाळ!"

श्रीपत अंधार सांभाळी. हेराच्या खेळात त्यानं अशाच एका अंधारात एक आई उभी केली. भर बाजारात शत्रूचे शिपाई, त्यांच्यामधून बैराग्याच्या वेषात चाललेला हेर, आणि समोर त्याची आई. चालीवरून तिनं पोराला ओळखलं. ओठांवर आलेली हाक तिनं गिळली. इतकं होतं न होतं तोच नवं रीळ सुरू होई, पडदा उजळे, आणि हेर घोड्यावर बसून निघून जाई. आई अंधारातच राही.

खेळात आई नव्हतीच. कुठल्याच रिळात नव्हती.

पुढं बोलपट आले. श्रीपत भातशेतीकडं वळला, आणि लोक त्याचा आवाज विसरून गेले, असं तो समजत होता.

उन्हं कलल्यावर दोघं खाडीच्या बांधावरून निघाले. धोंडूबाई स्टेशनच्या वाटेवर मीठ विकायला बसे. तिच्या पाटीशेजारी पाण्याचा माठ असायचा. वाटसरूनं मागायची वाट न बघता ती तांब्या पुढं करी. लोक म्हणत, म्हातारी पुण्य जोडते.

"माझा बलीराम बेचालीस साली चलवलीपायी घरातना गेला," ती चालता चालता म्हणाली, "तवा पोलीस आपल्या वाडीत खेपा घालीत व्हते. आठवतंय?"

"न आठवाया काय झालं?"

"त्याच्या मागनं मना तो एकदा दिसला. ह्या मी कोनाला सांगितला नाय."

श्रीपत थांबला. ती चालतच राहिली, म्हणून त्यालाही चालावं लागलं.

"मीठ इकीत बसले व्हते. समोरना एक कल्हईवाला आला. दाढी वाढलेली, डोक्याला फडका, खांद्यावर भाता. पन डावा पाय जरा ओढीत व्हता. लहानपनी आंब्यावरना पडला व्हता ना माझा पोर! हाक इथवर आली बघ." तिनं गळ्याला हात लावला. "बाजूलाच पोलीस उभा. तवाच मना तुज्या खेलातली आई दिसली. म्हटलं, तिनं गिलली, मीबी गिलते. तो जवल आला. म्हनाला, 'मावशी, पानी मिलंल का?' शेजारनीचा तांब्या घेऊन दिला. प्याला. गेला."

"मग?"

"मग काय? आला नाय."

बांधाच्या दोन्ही बाजूंनी भरतीचं पाणी चढत होतं.

"भावजी, त्या आईचा पुढं काय झाला, त्या मना आठवत नाय. बघितला आसंल, इसरले. तिचा पोर आला का? हाक नाय मारली म्हनून ती पस्तावली का? तेवढंच बघायचं हाय."

श्रीपतला आपला तो अंधार आठवला. लोकांनी शिट्ट्या मारू नयेत म्हणून काळोखात टाकलेला एक दाणा, तो कुणाच्या काळजात जाऊन रुजला होता! बुवा म्हणायचे, शब्द सोडताना जपून रे बाबा, तो गुरासारखा संध्याकाळी गोठ्यात परत येत नाही. तरुण श्रीपतला त्याचं हसू आलं होतं.

"वैनी," त्यानं धीर केला, "ती आई खेलात कधी नव्हतीच."

"मग मी बघितली ती कोन?"

श्रीपत पाय उचलून चालू लागला. नव्या खेळात कुणी आई घातली असेल, बोलपटाला आईशिवाय करमत नाही, असं मनाशी म्हणत तो तंबूत शिरला. तिला पुढच्या चटईवर बसवलं.

खेळ सुरू झाला आणि लवकरच लोकांची चुळबुळही. हेर दिसायला देखणा, पण वेष बदलला तरी मिशी तीच. किल्ल्याच्या भिंतीला तो टेकला की भिंत हलायची. शत्रूच्या दारात उभा राहून त्यानं गाणं म्हटलं, तेही तीन कडव्यांचं.

"शत्रू बहिरा हाय काय रे?" कुणीतरी ओरडलं. तंबू हसला.

धोंडूबाई हसली नाही. बाजार आला की ती पुढं झुकायची, बाजार गेला की मागं व्हायची. शेवटी हेराचं लग्न झालं आणि दिवे लागले.

होळी गावचा बागायतदार काशिनाथ पंचा झटकत उठला. "क्लेमेंटशेठ, मुका होता तेव्हा अंगावर शहारे यायचे. आता तोंड फुटलं आणि जीव गेला. किल्ला तरी वसईचा घ्यायचा, फुकट मिळाला असता!"

"ते असू दे," माणिकपूरची रिटा कमरेवर हात ठेवून पुढं झाली. "आईचा भाग कुठं गेला? कापला ना तुम्ही?"

"कापला! कापला!" मागून गलका झाला.

"चर्चमधल्या सायबिणीची शपथ, रिटा, मी काही कापलं नाय!"

"मी डोळ्यांनी पाहिलाय. तिच्या लुगड्याला खांद्यावर ठिगळ होतं."

"ठिगळ नव्हतं," काशिनाथ म्हणाला, "हातात केळीची पाटी होती. पाटी थरथरली तेवढीच."

"काय सांगताय! तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मी पहिल्या रांगेत होते!"

श्रीपत ऐकत राहिला. त्यानं ठिगळ सांगितलं नव्हतं, पाटी सांगितली नव्हती. काळ्या पडद्यावर ज्यानं त्यानं आपापली आई पाहिली होती, आणि आज प्रत्येकजण तिच्यासाठी भांडायला उभा होता. त्याला बुवांची आठवण झाली. कीर्तन रंगलं की बुवा डोळे मिटून हात जोडायचे. समोर बसलेल्या माणसांनाच ते हात होते, हे आज कळलं.

"श्रीपत, तू तरी सांग ह्यांना!" क्लेमेंट काकुळतीला आला. "आई होती काय रे रिळात?"

सगळ्या माना वळल्या. धोंडूबाई चटईवरून उठली नव्हती. कोऱ्या पडद्याकडं बघत बसली होती.

"क्लेमेंटभाऊ," श्रीपत म्हणाला, "दिवा घालव."

काळोख झाला. श्रीपत चाचपडत पडद्याच्या कडेला, आपल्या जुन्या जागी जाऊन उभा राहिला.  घसा खाकरून तो बोलू लागला.

"बाजार भरला होता हो. शिपाई उभे होते. पोर समोरून आलं, आईनं ओळखलं, आणि हाक गिळली. इथवर तुम्ही पाहिलंत. पुढं ऐका. पोर निघून गेलं. शिपायांना काही कळलं नाही, कारण आईनं कळू दिलं नाही. तो कुठं गेला, मला ठाऊक नाही. खोटं बोलणार नाही. पण त्या दिवशी तो सुटला, तो तिच्यामुळं सुटला."

अंधारात माणसं पुढं सरकल्याची सळसळ झाली.

"आई दुसऱ्या दिवशी त्याच जागी येऊन बसली. शेजारी माठ ठेवला. बैरागी आला, त्याला पाणी. फेरीवाला आला, त्याला पाणी. वेष कुठला का असेना, जो येईल तो तहानलेला आहे, एवढं ती बघते. मावशी म्हणा, काही म्हणा, ती तांब्या पुढं करते. हाक नाही मारत. अजून तिथंच बसते ती."

कुठंतरी हुंदका आला. क्लेमेंटनं दिवा लावायला बराच वेळ घेतला.

लोक उठले. काशिनाथनं दारातून मागं वळून पडद्याकडं पाहिलं आणि पायांतल्या वहाणा हातात घेऊन बाहेर पडला, देवळातून निघाल्यासारखा.

श्रीपत धोंडूबाईपाशी आला. नजर द्यायचं धैर्य होत नव्हतं.

"दिसली?" त्यानं विचारलं.

"दिसली." तिनं पदर सारखा केला. "तीच हाय. पन म्हातारी झालीया रे."

मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल भावजी. सकालच्याला माठ भरायचा हाय."

झाली कथा. आता एक मागणं. उन्हातून येताना कधी कुणी न विचारता पाण्याचा तांब्या पुढं केला, तर पाणी पिण्याआधी क्षणभर थांबा, आणि मनात एकदा म्हणा, बळीरामाची आई.