सातवं कुलूप

आमच्या प्राध्यापकांचं म्हणणं असं, की मला ट्रान्सफॉर्मरची कुरकुर शंभर पावलांवरून ऐकू येते, पण नवऱ्याचं बोलणं हातभर अंतरावरून ऐकू येत नाही. प्राध्यापक म्हणजे माझे यजमान. ते या विद्यापीठात शेवाळ शिकवतात आणि मी याच विद्यापीठाची वीज, पाणी, वाफ आणि थंड हवा सांभाळते. माझा हुद्दा एवढा लांबलचक आहे, की दारावरच्या पाटीत दोन ओळींतही मावत नाही. थोडक्यात सांगायचं तर कुठे दिवा गेला, कुठे नळ कोरडा पडला, की बोलणी मी खाते. सगळं सुरळीत चालू असलं, की मी कोण हे कोणाला ठाऊकही नसतं.

स्वभाव माझा तापट आहे, लपवून उपयोग नाही. एकदा कुलगुरूंच्या खोलीतली थंड हवा बंद पडली होती. त्यांनी तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा मी त्यांना खिडकी उघडायला सांगितलं. घरी मात्र मी चिडत नाही. घरी मी काहीच करत नाही म्हणा ना. दिवसभर कामाची कटकट डोक्यात असते, त्यामुळे घरात कामाचा विषय काढायचा नाही हा माझा नियम. कोणी काही बोललं, की मी "हं" म्हणते. कोणी म्हणजे प्राध्यापकच, घरात दुसरं आहे कोण?

कुलपांचा नियमही माझाच. अकरा वर्षांपूर्वी, मी मुख्य झाले त्याच वर्षी, आमचे फोरमन पॅनेलमध्ये हात घालून काम करत होते आणि बाहेरून कोणीतरी काम संपलं असं समजून वीज चालू केली. फोरमनना सगळे दादा म्हणतात. दादा वाचले, पण डाव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. पुढच्याच आठवड्यात मी एक लाल पत्र्याची पेटी करून घेतली. वीज बंद केली, की मुख्य स्विचला टाळं लावायचं आणि त्याची किल्ली या पेटीत टाकायची. मग कामावर असलेल्या प्रत्येकाने पेटीला आपापलं कुलूप लावायचं. आपलं काम संपवून, सुखरूप बाहेर आला, की ज्याने त्याने आपल्या हाताने ते काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत पेटी उघडत नाही आणि पेटी उघडल्याशिवाय वीज येत नाही. कोणाला उगाच घाई सुचू नये म्हणून लोखंड कापायची मोठी कात्रीही मी स्टोअरमधून काढून भंगारात दिली. कुलूप तोडायचं नाही म्हणजे नाही. माझं कुलूप सगळ्यांत आधी लागतं आणि सगळ्यांत शेवटी निघतं.

तर त्या रविवारी मुख्य सबस्टेशनचं वर्षाचं काम होतं. पहाटे सहाला आम्ही अख्ख्या विद्यापीठाची वीज बंद केली. दवाखाना आणि प्रयोगशाळांमधले लाल सॉकेट तेवढे जनरेटरवर चालू होते. ज्यांची यंत्रं बंद पडून चालणार नाही त्यांनी ती लाल सॉकेटला लावावीत, अशी नोटीस दोन आठवडे आधी सगळीकडे चिकटवली होती. चार वायरमन, दादा आणि मी, अशी पेटीला सहा कुलपं लागली.

दहा वाजून गेले असतील. मी सबस्टेशनच्या दारात उभी राहून आत चाललेलं काम बघत होते, तर समोरच्या रस्त्यावरून आमचे प्राध्यापक सायकल हाणत येताना दिसले. पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. कडक ऊन पडलेलं, पावसाचा मागमूस नाही, आणि हे गमबूट घालून निघालेत! मला हसूच आलं. पण सायकल झाडाला टेकवून ते जवळ आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून माझं हसू विरलं.

"अगं, फ्रीझर बंद आहे," ते म्हणाले.

"कसा बंद असेल? लाल सॉकेटवर आहे ना?"

"नाही. लाल सॉकेटवर वरच्या पाइपातून पाणी ठिबकत होतं. तुमच्याच माणसांनी त्या मजल्याचे सगळे लाल सॉकेट बंद केले. मग मी फ्रीझर पांढऱ्यावर लावला." आणि मग हळूच म्हणाले, "तुला सांगितलं होतं मी. बुधवारी सकाळी. तू दात घासत होतीस."

"आणि मी काय म्हणाले?"

"हं म्हणालीस. मला वाटलं, सोय होईल."

त्या फ्रीझरमध्ये सव्वीस वर्षांची शेवाळं आहेत. मी त्यांची थट्टा करते, आमच्या घरात माझ्यापेक्षा शेवाळाचे लाड जास्त होतात असंही म्हणते. पण एकेका बाटलीसाठी हा माणूस कुठल्या कुठल्या चिखलात उतरला ते मला माहीत आहे. त्यातली निम्मी तळी आता बुजली, त्यांवर घरं उभी राहिली. ती शेवाळं आता जगात बहुतेक तेवढ्या एका कपाटातच उरली आहेत. तीन महिन्यांनी निवृत्त होताना ती आपल्या जागी येणाऱ्या नव्या बाईंच्या हवाली करायची, एवढी एकच गोष्ट प्राध्यापकांनी मनाशी धरली होती.

फ्रीझर जुना, दाराचं रबर सैल झालेलं. एरवी उणे ऐंशीवर असतो, तो उणे बासष्टपर्यंत आला होता. उणे पन्नासच्या वर गेला, की बाटल्या फेकून द्यायच्या. हाताशी फार तर तासाभराचा अवधी होता. शेवाळ विभागाच्या पहारेकऱ्याला यांनी फ्रीझरसमोर बसवून ठेवलं होतं आणि तो फोनवरून आकडे सांगत होता. साठाचे अठ्ठावन्न झाले, की बिचारा आनंदाने ओरडायचा, "सर, कमी झालं!" उणे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

मी भराभर विचार केला. दुसऱ्या मजल्यावरच्या लाल सॉकेटवरून केबल ओढावी, तर एवढी लांब केबल एकच, आणि ती जनरेटरवरून आतल्या दिव्यांना जोडलेली. ती काढली तर पाच माणसं अंधारात. फ्रीझर उचलून न्यावा, तर तो आठ माणसांना हलत नाही.

आमचं बोलणं दादांच्या कानावर गेलं असावं. ते घाम पुसत दारापर्यंत आले. दादांच्या मुलीला प्राध्यापकांनी शिकवलंय, फुकट शिकवण्या घेतल्यात, आणि दादा त्यांना देवच मानतात.

"मॅडम, शेवटचे जोड दहा मिनिटांत होतील," दादा म्हणाले. "नंतरची तपासणी पुढच्या रविवारी करू. चालू करून टाकू आता. सरांचं आयुष्य आहे ते."

तपासणी म्हणजे मोठा पाना घेऊन प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळून बघायचा. त्याला पाऊण तास लागतो. एखादा बोल्ट सैल राहिला, तर वीज चालू करताना पॅनेल तोंडावर फुटू शकतं. आणि वीज चालू करतात ते दादाच.

यावर मी ताबडतोब "नाही" म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कोणाचा फ्रीझर असता तर दादांचं वाक्य संपायच्या आत म्हटलं असतं. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी प्राध्यापकांकडे बघितलं, दादांच्या त्या न मिटणाऱ्या बोटांकडे बघितलं, आणि गप्प उभी राहिले. अकरा वर्षांत माझी एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

प्राध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. मग ते सायकलपाशी गेले, हँडलला लटकवलेलं कुलूप काढून घेऊन आले आणि आमच्या सहा कुलपांशेजारी पेटीला अडकवून त्यांनी ते खटकन दाबलं.

"आता सात झाली," ते म्हणाले. "दादा, तुम्ही तुमची तपासणी पुरी करा. एक बोल्ट सोडू नका. ती झाल्याशिवाय मी हे कुलूप काढणार नाही."

दादा डोळ्यांवरून बाही फिरवून आत गेले. मी प्राध्यापकांचा हात धरला, सगळ्या वायरमनांच्या देखत.

जोड झाले, पण तपासणीचा पाऊण तास सरता सरेना. आतून पान्याचा आवाज येत होता आणि मधूनमधून फोनवर पहारेकरी आनंदी होत होता. घाई करू नका, असं मी दोनदा ओरडले. खरं तर ते मी स्वतःलाच सांगत होते. तपासणीत एक बोल्ट पाऊण फेरा फिरला. दादांनी तो मला बोटाने दाखवला आणि आवळला.

अखेर काम उरकलं. वायरमन एकेक करून बाहेर आले, आपापली कुलपं काढू लागले. दादांचं निघालं, माझं निघालं. माझं शेवटचं नव्हतं, हे अकरा वर्षांत पहिल्यांदाच. फोनवर आकडा आला, त्रेपन्न.

"काढा," मी म्हटलं.

प्राध्यापकांनी उजवा खिसा चाचपला. मग डावा. मग शर्टाचा. मग गमबूट काढून उलटे केले.

"अहो!"

"किल्ली नाहीये," ते म्हणाले. चेहरा पांढराफटक. "कुलूप उघडंच लटकवलेलं असतं गं. हल्ली मी सायकलला लावतच नाही."

दादांनी कुलूप हातात घेऊन पाहिलं. जाडजूड, पोलादी. "कात्री असती तर..." एवढं म्हणून ते थांबले. कात्री कोणी भंगारात दिली हे सगळ्यांना माहीत होतं.

"आठवा! कुठे ठेवलीत?" मी ओरडले.

"मी ठेवली होती..." ते कपाळावर हात ठेवून आठवू लागले, आणि मग माझ्याकडे असे बघू लागले, की मला आधीच कळलं. "बुधवारी. माझ्याकडून हरवते, म्हणून तुझ्या पर्समध्ये टाकली. तुला सांगितलं होतं."

"मी दात घासत होते."

"हो."

माझी पर्स माझ्या केबिनमध्ये. केबिन रस्त्यापलीकडच्या बॉयलर घराच्या वरच्या मजल्यावर. मी कामावर कधी धावत नाही, साहेब धावले की माणसं घाबरतात असं माझं मत. त्या दिवशी मी धावले. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले, पर्स टेबलावर उपडी केली. चष्मा, गोळ्या, तीन पेनं, आणि सगळ्यांत खाली निळ्या दोऱ्यात बांधलेली छोटीशी किल्ली. चार दिवस मी ती काखेत घेऊन हिंडत होते.

परत आले ती धापा टाकतच. किल्ली मी त्यांच्या हातात दिली. कुलूप ज्याचं त्यानेच काढायचं. त्यांनी काढलं. पेटी उघडली, दादांनी मुख्य स्विचचं टाळं काढलं, आम्हाला सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं आणि वीज चालू केली. काहीही फुटलं नाही. ट्रान्सफॉर्मर नेहमीसारखे गुणगुणू लागले, रस्त्यापलीकडच्या पंपाने खाकरून पाणी उचललं.

फोन वाजला. पहारेकरी रडकुंडीला आला होता. "सर, एक्कावन्नपर्यंत छान उतरलं होतं. आता परत वाढायला लागलंय. बावन्न... त्रेपन्न!"

प्राध्यापक मटकन खाली बसले आणि हसत सुटले. दादा हसले, वायरमन हसले. मी तेवढी रडले. पण मी मुख्य असल्यामुळे कोणी तिकडे लक्ष दिलं नाही.

सगळे पांगल्यावर मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"बुधवारी आणखी काय काय सांगितलं होतंत?" मी विचारलं. "आत्ताच सांगून टाका. फ्रीझर झाला, किल्ली झाली."

"तिसरं काही विशेष नव्हतं."

"अहो, सांगा."

ते बुटांवरची माती झटकू लागले. "म्हटलं होतं, रविवारी तुझं काम आटोपलं, की टेकडीमागच्या तळ्यावर येशील का. पुढच्या महिन्यात ते बुजवणार आहेत. शेवटचं शेवाळ काढायला जायचं होतं. तू हं म्हणालीस. म्हणून मी सकाळपासूनच तयार होऊन बसलो होतो. मग जाळी आणायला प्रयोगशाळेत गेलो, तर फ्रीझर बंद."

म्हणजे ते गमबूट माझ्यासाठी घातले होते.

वीज चालू केल्यावर पहिला तास सबस्टेशनमध्ये कान लावून बसायचं काम माझं. ते मी आजवर कोणावर सोपवलेलं नाही. मी उठले, आत गेले, आणि दादांना म्हटलं, "आजचा तास तुम्ही बसा. मला काम आहे." दादांनी मान डोलावली. माझं रिकामं स्टूल त्यांनी आधीच ओढून घेतलं होतं.

तळ्यावर जाताना वाटभर आणि काठावर पोचल्यावरही मीच बडबडत होते. बोल्ट कसा सैल निघाला, नवी केबल कशी मागवायला हवी, पाइप कोणाकडून दुरुस्त करून घ्यायचा. प्राध्यापक गुडघाभर पाण्यात वाकून बाटली भरत होते.

"हं," ते म्हणाले.

मी लगेच कमरेवर हात ठेवले. "काय म्हणाले मी?"

त्यांनी वर न बघता बोल्ट, केबल, पाइप, सगळं शब्दन् शब्द सांगितलं, आणि भरलेली बाटली धरायला माझ्याकडे दिली.