ओढलं की मिटणारा पंजा

मित्रांनो, जुना तर मी आहेच, पण मला कुणी म्हातारा म्हटलं की माझ्या इंजिनाला ठसका लागतो. मी एक छोटा ट्रॅक्टर आहे. छोटा म्हणजे इतका, की मोठे ट्रॅक्टर रस्त्यात भेटले की आधी मला वाट देतात आणि मग हसतात. हसू देत बापडे. त्यांच्या पुढ्यात पंजा नाही, माझ्या पुढ्यात आहे. त्या पंजाचीच गोष्ट सांगायची आहे, पण मी सुरुवातीपासून सांगणार. मध्येच उठून जायचं नाही.

एका लांबलचक शेडमध्ये माझा जन्म झाला. आधी इंजिन, मग चाकं, आणि सगळ्यात शेवटी नारिंगी रंग. तो असा चकाकत होता की रंगारी माझ्या बॉनेटमध्ये बघून भांग पाडायचा. मला वाटलं, आता आपण मोठ्या शेतात जाणार, ऐटीत फिरणार. गेलो कुठे, तर लाकडाच्या वखारीत. पहिल्याच दिवशी भुशानं असा माखलो की रंग कोणता ते मलाही आठवेना.

वखारीचे मालक उंच आणि अबोल होते. मालकीणबाई बरोबर उलट. मालकांच्या वाटणीचं बोलणंही देवानं त्यांनाच देऊन टाकलं असावं. वखार तशी लहानच. एका बाजूला ओंडक्यांची थप्पी, मध्ये करवतीची शेड, पलीकडे फाटक आणि फाटकाला लागून दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंना सगळी वखार दिसायची आणि वखारीला दिवसभर बाईंचा आवाज ऐकू यायचा.

माझ्या पुढे दोन लोखंडी हात होते. त्याला लोडर म्हणतात. हातांना बकेट लावलेली. भुसा, ढलप्या, फोडलेलं जळण हे सगळं मी बकेटमध्ये भरून नेत असे. ओंडका मात्र बकेटमध्ये बसत नाही. ताटात लिंबू ठेवून चालावं तसा डुगडुगतो. त्यामुळे ओंडके हलवायचे ते मालकांनीच, पहारीनं आणि आकड्यानं. आकडा रोवायचा आणि ओंडका स्वतःकडे ओढायचा. त्यांची ती सवयच होती. काही उचलायचं असलं की ते आधी छातीशी ओढून घेत. बाई म्हणायच्या, "लेकीला पाळण्यातून काढायचे तेसुद्धा असेच. ओंडका समजून."

एका सकाळी थप्पीतला एक ओंडका सुटला आणि मालकांचा उजवा हात चेपला गेला. हाडं जुळली, जखम भरली, पण बोटं काही मिटेनात. चहाचा कप धरला तर कलायचा. पहार धरली तर सुटायची. मालक रोज माझ्याजवळ येऊन सीटवर बसायचे, इंजिन सुरू न करता. मला फार वाईट वाटायचं. यंत्राला वाईट वाटत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्या जागी उभं राहून बघावं.

मग लेक आली. लग्न होऊन दूरच्या शहरात राहणारी, बापावर जीव टाकणारी. ती येताना नवंकोरं कुलूप घेऊन आली होती.

"बाबा, पुष्कळ झालं आता," ती म्हणाली. "दोघंही माझ्याकडे चला. घर मोठं आहे, गॅलरीत ऊन येतं."

"गॅलरीत बसून हे करतील काय? ऊन मोजतील?" बाई म्हणाल्या.

"आणि इथे राहून तरी काय करणार? हात मिटतो का त्यांचा?"

शेवटी असं ठरलं की अंगणात नव्यानं आलेली ओंडक्यांची मोठी थप्पी मालकांनी बाहेरचा माणूस न लावता शेडच्या पलीकडे हलवून दाखवायची. ती हलली तर वखार राहील, नाहीतर फाटकाला कुलूप. लेक कुलूप पर्समध्ये ठेवून परत गेली आणि घरात कुणालाच नीट जेवण गेलं नाही.

आता मामांबद्दल सांगतो. मामा म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ, लेकीचे मामा, म्हणून सगळ्यांचेच मामा. एका वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि दाजींची चेष्टा करणं हा त्यांचा जोडधंदा होता. ते आले, त्यांनी मालकांचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "दाजी, तुमचा हात मिटत नाही ना? मग ट्रॅक्टरचा मिटवू."

पुढच्या सुट्टीला ते पंजा घेऊन हजर झाले. भंगारात निघालेल्या कुठल्याशा यंत्राचा होता. खाली वाकड्या दातांचा जबडा, वर उघडझाप करणारा दुसरा, आणि अंगभर गंज. खरं सांगतो, मला तो मुळीच आवडला नाही. असलं ध्यान पुढ्यात लावून चारचौघांत जायचं म्हणजे लाजच की. पण माझं मत विचारतो कोण?

मामांनी आधी बकेट जमिनीवर टेकवली, इंजिन बंद केलं आणि लिव्हर पुढेमागे हलवून पाइपांतला तेलाचा दाब उतरवला. दाब असताना पाइप सोडायचा नसतो, हे त्यांनी मालकांना बजावून सांगितलं. मग पिना ठोकून काढल्या. बकेट गेली आणि मी अगदी बोडका दिसू लागलो. पंजा माझ्या हातांना लावायला घेतला तर एक पिन काही केल्या भोकात जाईना.

"जावयासारखी अडून बसलीय," मामा म्हणाले. "मानपान केल्याशिवाय आत यायची नाही."

"जावयानं तुझ्या घरी कधी काही मागितलं का रे?" मालक म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते बोलले होते. बाई खिडकीत होत्या, त्या पदराआड हसल्या. मग पिनीला ग्रीस चोपडलं, हातोड्याचे हलके ठोके दिले आणि ती आत गेली.

पंजाची उघडझाप करायला तेलाची वेगळी वाट लागते. मामांनी सीटच्या उजव्या हाताला एक छोटा दांडा बसवला आणि तिथून माझ्या हातावरून दोन पाइप पुढे नेले. पाइप जोडण्याआधी बाईंनी उशीच्या जुन्या अभ्र्यानं त्यांची तोंडं पुसली. "नीट पूस गं ताई," मामा म्हणाले, "कचऱ्याचा कण जरी गेला तरी याच्या पोटात दुखेल." माझ्या पोटाची अशी काळजी त्याआधी कुणीच केली नव्हती. पाइप गळतो का ते बघताना मामांनी कुणाला हात फिरवू दिला नाही, पुठ्ठा फिरवला. तेलाची बारीक धार कातडीत घुसते म्हणे. शेवटी माझ्या मागे दगड आणि सिमेंट भरलेलं पिंप अडकवलं, नाहीतर पुढे ओंडका उचलताना मी मागची चाकं वर करून कोलांटी खाल्ली असती.

मालक सीटवर बसले. मी ओंडक्यापाशी जाऊन उभा राहिलो. लोडर खाली आला.

"मिटवायचा तर दांडा पुढे ढकला, दाजी," मामा म्हणाले.

मालकांनी सवयीनं तो स्वतःकडे ओढला. आणि पंजा मिटला. ओंडका घट्ट धरून मिटला.

मामा बघतच राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. दोन पाइपांची अदलाबदल झाली होती. ढकलल्यावर उघडत होता आणि ओढल्यावर मिटत होता. इतक्या वर्षांचा फिटर आणि पाइप उलटे. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"लहानपणी चपलासुद्धा उलट्याच घालायचा," बाई म्हणाल्या.

मामा पाना घेऊन पुढे आले. मालकांनी मान हलवली. "राहू दे."

"अहो दाजी, मी जिथे जिथे असले पंजे बसवलेत तिथे ढकललं की मिटतात. उद्या दुसरा कुणी बसला तर फसेल."

"दुसरा कशाला बसेल?" मालक म्हणाले. "धरायचं म्हणजे आपल्याकडे ओढायचं. ढकलून कधी कुणी काही धरलंय का?"

मामांनी पाना खिशात घातला. पाइप तसेच राहिले.

पण एक अडचण होती. दांडा नवा होता, ताठ होता, आणि मालकांच्या मनगटात जोर नव्हता. अर्ध्यावर आला की थरथरून थांबायचा. तेव्हा बाई खिडकी सोडून बाहेर आल्या, मी उभा होतो तिथे शेजारी येऊन त्यांनी मालकांच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून दांडा ओढला. मग तेच चालू झालं. मी ओंडक्यापाशी थांबलो की बाई यायच्या, हातावर हात ठेवायच्या, पंजा मिटला की बाजूला व्हायच्या. तोंडानं सूचना चालूच. "डावीकडे घ्या. अहो डावीकडे. ते उजवीकडे झालं." रोज थोडी थोडी करत थप्पी शेडच्या पलीकडे गेली. लेक आली, तिनं रिकामं अंगण पाहिलं, बापाच्या गळ्यात पडून रडली आणि कुलूप पर्समधून न काढताच घेऊन गेली.

पुढची वर्षं, मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. मालकांचा हात दांड्याला सरावला. जमिनीवर पडलेला त्यांचा हातमोजा ते पंजानं टोकाला धरून उचलत आणि बाईंच्या पायाशी नेऊन ठेवत. बाई म्हणायच्या, "पुरे झाला चावटपणा." शेजारपाजारचे लोक मला बघायला येत. कुणी हौसेनं सीटवर बसला की दांडा ढकलायचा आणि ओंडका धप्पकन खाली. खुद्द मामाही दोनदा फसले. मला मात्र त्या गंजक्या पंजाचा अभिमान वाटू लागला होता. मालकांना आता एकट्याला जमत होतं, तरी बाई यायच्या आणि हातावर हात ठेवायच्या. कशाला, ते मी कधी विचारलं नाही.

मग मालक आजारी पडले आणि गेले.

त्यानंतर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. सीटच्या फाटक्या कापसात उंदरानं संसार थाटला, बॅटरी उतरली, पंजावर कोळ्यानं जाळं विणलं. मालकांची आठवण यायची. दुपारी ते ज्या वेळी किल्ली फिरवायचे त्या वेळी तर फारच यायची. खिडकीतून बाईंचा आवाजही येईनासा झाला. शांत वखार किती वाईट असते ते मला तेव्हा कळलं.

लेक पुन्हा आली. आईला एकटीला कशी ठेवणार, हेही खरंच होतं. तिनं मला घ्यायला एक गिऱ्हाईक शोधलं. ते आपला ड्रायव्हर घेऊन आलं. ड्रायव्हर भला माणूस होता, हाताला सफाई होती. त्यानं बॅटरी बदलली, उंदराला प्रेमानं हाकललं, मला सुरू केलं. पंजा चालवून पाहिला आणि हसला.

"पाइप उलटे बसलेत, बाई. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात नाही आलं?"

आणि त्यानं ते सरळ करून टाकले. दाब उतरवून, तोंडं पुसून, अगदी मामांसारखे नीट. मग दांडा ढकलून ओंडका धरला, उचलला. गिऱ्हाईक खूश झालं. माझ्या काळजात मात्र काहीतरी तुटलं. तक्रार कुणाची करणार? त्यानं चूक दुरुस्त केली होती.

"जरा मी बसते," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई सीटवर कधी बसल्या नव्हत्या. त्या सावकाश वर चढल्या, हात दांड्याकडे गेला आणि त्यांनी तो ओढला. जबडा उघडला आणि ओंडका दणकन खाली पडला.

"आता ढकलायचं, बाई," ड्रायव्हर म्हणाला. "मी सरळ केलंय."

बाईंनी पुन्हा ओढला. पंजा उघडाच राहिला. त्या तशाच बसून राहिल्या, दांड्यावर हात ठेवून, आणि मालक गेल्यापासून अडलेलं रडू तिथे, माझ्या सीटवर, सगळ्यांसमोर आलं. लेक धावत आली. बाईंनी डोळे पुसले.

"होतं तसं लावून द्या," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

"पण ते चूक होतं, बाई."

"असेल. आमची होती."

मग त्या लेकीकडे वळल्या. "ट्रॅक्टर द्यायचा नाही."

"अगं आई, चालवणार कोण?"

"अर्धा तर मीच चालवत होते," बाई म्हणाल्या. "उरलेला अर्धा शिकेन."

ड्रायव्हरनं पाइप पुन्हा उलटे जोडले. गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं. उरलेला अर्धा शिकवायला मामा आले. त्यांनी बाईंकडून इतक्या शिव्या खाल्ल्या की शेवटी उपड्या डब्यावर बसून लांबूनच शिकवू लागले. एकदा मी फाटक पाडलं. ते बाईंनी मामांच्या नावावर घातलं.

वखार आता लहान झाली आहे. मोठे ओंडके येत नाहीत, जळणाचं लाकूड येतं. खिडकी रिकामी असते, कारण बोलणारी व्यक्ती माझ्या सीटवर असते. "डावीकडे घे. अरे डावीकडे," हे आता मला असतं. लेक सुट्टीला येते आणि कुलूप आणत नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना फार काही लागत नाही. वेळेवर तेल द्या, पाइपांची तोंडं पुसा, पावसात उघड्यावर टाकू नका. आणि एक मागणं आहे. जुन्या यंत्रात काही उलटं दिसलं तर पाना उचलण्याआधी घरात विचारा, हे असं का आहे. कदाचित कुणीतरी ते कुणाच्या तरी हातासाठी तसं राहू दिलेलं असेल.

आज सकाळीही मी ओंडक्यापाशी जाऊन उभा राहिलो. बाईंनी उजव्या हातानं दांडा धरला. तो दांडा आता झिजून इतका हलका झालाय की एका बोटानंही येतो. तरी त्यांनी त्या हातावर डावा हात ठेवला आणि दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढला. मी धरलं.