टेलर मास्तरांचे पाचपैकी पाच

खाट एक, खुर्च्या दोन, शिलाई मशीन एक, कात्र्या सहा. न्हाणीघराचा उंबरा तेवीस सेंटिमीटर उंच.

सरकारी भाड्याच्या घरांमधली म्हातारी माणसं घरावर किती खूश आहेत, याची पाहणी मी करत होते. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिंपी, वय एक्क्याऐंशी, प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी पाच गुण देत सुटले होते.

“न्हाणीघर?”

“पाच. सहा नाहीत का तुझ्याकडे?”

शेजारच्या खोलीतल्या निवृत्त नर्सबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. “मास्तर, परवा आत साष्टांग नमस्कार घातलात, त्याचे किती?”

“सिस्टर, तुम्ही गप्प बसा हो.”

“कोपर दाखवा हिला.”

मास्तरांनी बाही खाली ओढली. मी पेन बाजूला ठेवलं, तेव्हा कुठे ते बोलले.

“पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची. खालच्या ड्रायव्हरने गुडघे दुखतात म्हणून असाच अर्ज भरला. आठ दिवसांत उचलबांगडी, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला! तिथे लिफ्ट आहे म्हणे, पण ओळखीचं कुत्रं नाही. इथे रोज सहाला सिस्टर भिंतीवर दोनदा ठोकतात, मी उलट दोनदा ठोकतो. दोघंही आहोत, एवढं कळतं. तिकडे कोणाची भिंत ठोकू?”

“आणि मी कोणाची?” सिस्टर म्हणाल्या.

मी कार्यालयात फोन लावला. माझ्या हातातल्या पाहणीच्या अर्जाच्या शेवटी दोन रकाने होते: दुरुस्ती हवी का, आणि घर बदलून हवं का. ड्रायव्हरकाकांनी दोन्हींत खूण केली होती, असं फोनवर कळलं.

“त्याला वाटलं असेल, सगळे रकाने भरायचेच असतात,” सिस्टर कपाळावर हात मारत म्हणाल्या. “अहो, परीक्षा होती का ती!”

मास्तरांनी चष्मा पुसला. दोन्ही रकाने तीनदा वाचले. मग पट्टी लावून दुसऱ्या रकान्यावर आडवी रेघ मारली, आणि पहिल्यात लिहिलं: उंबरा.

अठराव्या दिवशी गवंडी येऊन गेला. त्यानंतर मी पुन्हा गेले आणि तेच प्रश्न पहिल्यापासून विचारले. या वेळी मास्तरांनी प्रत्येक उत्तराला वेळ घेतला. न्हाणीघरात तर दोनदा जाऊन आले.

उंबरा: चार सेंटिमीटर. न्हाणीघर: चार गुण. जिना: दोन. शेजार: पाच.